डब्यामागचे किलोमीटर

२४ ऑगस्ट, रविवार

आज, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, शाळा उघडल्या. पहाटेची नमाज पढून गाडी काढली. खोऱ्यातल्या आमच्या गावातून चार शिक्षिका वर डोंगरावरच्या सल्त शहरात शाळेत सोडायच्या, परत यायचं, दुपारी पुन्हा जाऊन त्यांना आणायचं. लष्करात अठरा वर्षं ट्रक चालवला, पण स्वतःची गाडी ही पहिलीच. लहान आहे, पण बांधा उंच, पाच माणसं नीट बसतात. झर्का शहरातल्या गाड्यांच्या दलालाने शपथेवर सांगितलं होतं, "अबू नायल, डब्याला तीनशे वीस किलोमीटर जाईल. गाडी नाही ही, उंट आहे उंट!" माझं नाव मुफ्लिह, पण मानाने सगळे अबू नायल म्हणतात. आमच्याकडे पेट्रोल डब्याने मोजतात, वीस लिटरचा एक डबा. गाडी कशी आहे असं कोणी विचारत नाही, डब्याला किती जाते हेच विचारतात.

दलाल सपाट रस्त्याचं बोलत होता. आमचा रस्ता समुद्रसपाटीच्या खालून सुरू होतो आणि ढगांत संपतो. मी दोनशे साठ धरले आहेत. तेवढे पडले तर बँकेचा हप्ता, विमा, टायर, ऑइल सगळं भागून घराला चार घास उरतात. त्याखाली गेलं तर वर्षअखेरीस गाडी बँकेची.

अल्लाह, या चाकांत बरकत घाल.

२७ ऑगस्ट, बुधवार

आईला सल्तच्या दवाखान्यात नेलं. तिचा दमा वाढला आहे. डॉक्टर म्हणाले, आजींना उन्हापासून जपा, खोली गार ठेवा. मी मान हलवली. घरात एक पंखा आहे, तोही गरम वाराच फिरवतो. हप्ते फिटले की पहिला एसी आईच्या खोलीत बसवायचा, हे माझं ठरलेलं आहे.

येताना तिच्यासाठी गाडीतला एसी लावला. आई डोळे मिटून बसली होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "बाळा, या उन्हाळ्यात आज पहिल्यांदा छाती मोकळी झाली बघ."

मी हसून म्हटलं, "आई, हा वारा डब्यामागे वीस किलोमीटर खातो."

ती पटकन म्हणाली, "मग बंद कर रे, बंद कर. आलंच की घर."

३१ ऑगस्ट, रविवार

महिनाअखेर. उद्यापासून पेट्रोलचा भाव वाढणार, म्हणून पंपावर निम्मं गाव रांगेत होतं. मीही टाकी गळ्यापर्यंत भरली. पहिल्या आठवड्याचा हिशेब केला, डब्याला दोनशे बासष्ट. अल्हम्दुलिल्लाह.

चढाला एसी बंद ठेवतो. उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, पण ब्रेक जळतात म्हणून सगळा उतार नाही. सुहैरबाई म्हणून एक शिक्षिका आहेत, त्यांच्या जिभेला हाड नाही. आज म्हणाल्या, "अबू नायल, शाळेत पोचेपर्यंत आमची भाजलेली वांगी होतात. एसी लावा नाहीतर वरून तिळाची ताहिनी तरी ओता."

"बाई, चढाला एसी लावला तर गाडी पाण्यासारखं पेट्रोल पिते."

"मग आम्ही उतरून ढकलतो. वजनही कमी, व्यायामही होईल."

बाकीच्या तिघी खिदळल्या. मीही हसलो, पण खिडक्याच उघडल्या.

४ सप्टेंबर, गुरुवार

दुसरा आठवडा, दोनशे एकतीस.

दोनदा गुणाकार केला. टायरची हवा तपासली, एअर फिल्टर झटकला. रस्ता तोच, माणसं तीच.

७ सप्टेंबर, रविवार

सल्तच्या मेकॅनिकने पाऊण तास गाडी पाहिली आणि म्हणाला, "गाडीला काही झालं नाही. काका, तुमच्या पायाला झालंय." लष्करात इंधन वाचवण्याबद्दल माझ्या पायाला बक्षीस मिळालं होतं. पण वाद घातला नाही. प्लग बदलून घेतले. तो खर्च वेगळा.

घरी येऊन जेवताना मी हे सगळं बोललो. आई ऐकत होती. तिने भाकरीचा तुकडा तसाच ठेवून दिला. तिला हल्ली भूक नसते.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज एक गोष्ट सापडली.

सकाळची फेरी करून मी दहाच्या आत घरी येतो. गाडी घरामागे लिंबाखाली उभी करतो, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवतो, आणि मशिदीत जातो. दुपारच्या नमाजपर्यंत कुराण वाचत बसतो. एका दानशूर माणसाने मशिदीत तीन एसी लावून दिले आहेत, त्या गारव्यात मन स्थिर होतं. नमाज झाली की घरी येऊन एकच्या सुमारास गाडी काढतो.

आज सकाळी गाडी बंद करताना काट्याजवळचा आकडा पाहून ठेवला होता. टाकीतल्या पेट्रोलवर अजून किती जाता येईल ते तो आकडा सांगतो. दुपारी पाहिलं तर वीसने कमी. गाडी जागची हलली नाही, किलोमीटर तेवढेच, आणि पेट्रोल कमी!

कोणीतरी काढतं आहे. माझ्याच अंगणातून.

फिद्दाला सांगितलं. हातातलं ताट तिने खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुमचा आकडा चुकत असेल. यंत्र आहे ते."

बायकोला यंत्रातलं काय कळणार?

११ सप्टेंबर, गुरुवार

आज मशिदीत गेलो नाही. घरात खिडकीच्या फटीशी बसून राहिलो. उकाडा असा की अंगातलं पाणी जमिनीवर टपकत होतं. आई कॉटवर पडून धापत होती. फिद्दा ओला टॉवेल तिच्या मानेवर ठेवी, थोड्या वेळाने पिळून पुन्हा ठेवी. एकदा आईने विचारलं, "बाळा, आज कुराण नाही का वाचायचं?"

कोणी आलं नाही. आकडा जागचा हलला नाही. मात्र साडेअकराला कुंपणापलीकडून हायलने हाक मारली होती, "काकाच्या पोरा, आज घरी कसा?" मी घरी आहे हे त्याला कळलं, आणि आजच पेट्रोल गेलं नाही.

हायल माझा सख्खा चुलतभाऊ. आम्ही एका ताटात वाढलो. त्याचं काकडीचं शेत माझ्या अंगणाला लागून आहे आणि त्याच्याकडे फवारणीचा पंप आहे. पेट्रोलवर चालणारा. असं मनात येणं पाप आहे, हे मला समजतं. तरी आलं ते लिहून ठेवतो.

१४ सप्टेंबर, रविवार

दोनशे अठ्ठावीस.

हायलने कुंपणाच्या तारेला शेतातली हिरवी जाळी बांधली आहे. माणसाच्या उंचीच्या वर. लिंबाखालची गाडी आता ना रस्त्यावरून दिसत, ना त्याच्या गड्यांना दिसत. मी विचारलं, "ही जाळी कशाला?"

तो माझ्याकडे न बघता गाठ आवळत राहिला. म्हणाला, "धुळीला."

"इतकी वर्षं धूळ नव्हती?"

"इतकी वर्षं गाडी नव्हती. नवी गाडी, खराब होईल." थोडं थांबून म्हणाला, "अबू नायल, काकूची तब्येत कशी आहे? यंदा ऊन फार आहे. तिच्या खोलीत एसी बसव. पैसे मी देतो, सावकाश परत कर."

मी म्हटलं, माझ्या आईचं माझं मी बघेन. चोरून घ्यायचं आणि उसनं द्यायला यायचं, हा कुठला धर्म? त्याच्या शेडमध्ये पिवळा कॅन आणि रबरी नळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी गाडीत बसलो तर आत तितकं भाजत नव्हतं. लिंबाची सावली आणि जाळी. बॉनेट मात्र तव्यासारखं तापलेलं. इथल्या उन्हाचं काही सांगता येत नाही. सुहैरबाईंना म्हटलं, पुढची सीट इतकी मागे रेलू नका, बिजागरी जाते. त्या म्हणाल्या, "मी? अहो, मागच्या बाईंचे गुडघे माझ्या पाठीत असतात, मी रेलू कशी? तुमच्या गाडीत भूत झोपतं, अबू नायल."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज शेवट लावला.

जुम्म्याच्या नमाजनंतर हाजी सुवैलिमांच्या बैठकीत बसलो. ते आमच्या कुळातले सगळ्यांत वडीलधारे. मी सगळं मांडलं, आकडा, जाळी, नळी. हायल समोरच होता. ऐकताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

हाजी म्हणाले, "हायल, साक्षीदार कोणी नाही. मग रीत काय ते तुला माहीत आहे. शपथ घे आणि मोकळा हो. म्हण, अल्लाहची शपथ, मी घेतलं नाही, आणि कोणी घेतलं ते मला माहीत नाही."

हायल म्हणाला, "अल्लाहची शपथ, मी घेतलं नाही."

हाजींनी हाताने खूण केली.

"पुढचं म्हण."

"पुढचं म्हणणार नाही."

"अरे, अर्धी शपथ नसते! अर्धी भाकरी असते, अर्धी शपथ नसते."

कोणीतरी मागून म्हणालं, "स्वतःच्या मुलाला वाचवतोय." दुसरा हसला, "नाहीतर फवारणीच्या पंपाला."

हायलचा चेहरा विटेसारखा लाल झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काही बोलेल. मग खिशातून पाकीट काढून हाजींसमोर ठेवलं. "शपथ न घेणाऱ्याने भरपाई द्यायची, ही पण रीत आहे. मुफ्लिह सांगेल तेवढे घ्या. जास्त घ्या."

मी जास्त घेतले नाहीत. जेवढं गेलं तेवढंच घेतलं. एक दिनारसुद्धा वर नाही.

घरी आल्यावर फिद्दाला सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "त्यांनी नाही घेतलं," म्हणाली.

"मग कोणी घेतलं?"

तिने आईकडे पाहिलं. आईला खोकल्याची उबळ आली, मोठी आली, आणि फिद्दा तिला पाणी द्यायला गेली. नंतर आई एवढंच म्हणाली, "पैसे परत कर बाळा. हायल घेणारा नाही."

आई सगळ्यांनाच आपली मुलं समजते.

२० सप्टेंबर, शनिवार

किल्ली आजपासून माझ्या खिशात. चोर सापडला म्हणून दार उघडं टाकायचं नसतं.

मशिदीच्या पाण्याच्या टाकीची वर्गणी हायलकडे असायची. हाजींनी ती माझ्याकडे दिली. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "मग कोणाकडे देऊ? त्याच्याकडे?" मी घेतली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

फिद्दा रोज किल्ली मागते. म्हणते, गाडी आतून पुसायची आहे. मी म्हटलं, संध्याकाळी पूस, मी घरी असताना. ती म्हणाली, "दुपारीच पुसायची आहे." असा हट्ट ती कधी करत नाही. तिला ओरडलो. नंतर वाईट वाटलं, दोन रकात नमाज जास्त पढलो.

२८ सप्टेंबर, रविवार

दोनशे एकसष्ट!

किल्ली खिशात ठेवून पुरता आठवडा झाला आणि डब्यामागे तेहतीस किलोमीटर परत आले. मशिदीत बसून बराच वेळ अल्लाहचा शुक्र अदा केला. मनात एक काटा होता की आपण भावावर खोटा आळ तर घेतला नाही? तो काटा आज निघाला. आकड्याला नातं कळत नाही, म्हणूनच तो खरं बोलतो.

हायल बाजारात समोरून आला. मी सलाम केला. त्याने उत्तर दिलं, कारण सलामाचं उत्तर देणं फर्ज आहे. पण थांबला नाही.

आईचे ओठ संध्याकाळी निळसर दिसले. दिव्याच्या उजेडाने असेल. शिक्षिकांनी गाडी भरते म्हणून उद्या वेगळी फेरी करून तिला दवाखान्यात न्यावं म्हटलं, तर म्हणाली, "मुद्दाम फेरी नको. गुरुवारी बाजाराला सल्तला जाशील तेव्हा ने."

१ ऑक्टोबर, बुधवार

काल लिहायला बसलो होतो, लिहवलं नाही.

काल उष्णतेची लाट होती. मी दुपारच्या नमाजनंतर घरी आलो तर दार उघडं, आईची कॉट रिकामी, एक चप्पल उंबऱ्यात. गाडी लिंबाखाली, मी लावली तशीच. समोरच्या घरातली म्हातारी ओरडली, "हायलच्या पिकअपमधून नेलं! सल्तला! तू होतास कुठे?"

मी कुठे होतो ते तिला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

तो चढ मी कसा चढलो आठवत नाही. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये फिद्दा जमिनीवर बसली होती. हायल दूर, खिडकीपाशी, पाठ करून. मला पाहून फिद्दा उठली नाही. म्हणाली, "वाटेतच गेल्या. समुद्रसपाटीची पाटी लागते ना, तिथे."

मरणाची बातमी ऐकल्यावर म्हणतात ते इन्ना लिल्लाह मी म्हटलं. तिने म्हटलं नाही.

मग ती बोलली, हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशी. "त्यांनी माझ्याकडून कुराणावर हात ठेवून वचन घेतलं होतं, मी जिवंत आहे तोवर मुफ्लिहला सांगायचं नाही. आता त्या नाहीत, म्हणून सांगते. तुम्ही मशिदीत गेलात की मी त्यांना गाडीत बसवायचे. सीट मागे करून द्यायचे, इंजिन चालू करायचे, एसी लावायचे. तेवढी दुपार त्यांना श्वास यायचा. रोज म्हणायच्या, पाचच मिनिटं गं, त्याचं पेट्रोल जातं. मीच बंद करायचे नाही."

मी हायलकडे बघून विचारलं, "त्याला कसं कळलं?"

"कुंपणावरून दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी जाळी बांधली. सावली पण झाली आणि आडोसा पण. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आज मी धावत गेले तेव्हाही काही विचारलं नाही." जरा थांबून म्हणाली, "मी आधी तुमच्याकडे यायला निघाले होते. मशीद लांब आहे. आणि आत पुरुष होते."

तेव्हा मला हाजींची बैठक आठवली. पहिली अर्धी शपथ त्याने घेतली, कारण ती खरी होती. दुसरी घेतली नाही, कारण ती खोटी झाली असती. कोणी घेतलं ते त्याला माहीत होतं. आणि दुसऱ्याच्या घरातल्या बायका कुंपणावरून काय करताना दिसल्या, हे आमच्याकडे माणूस जीव गेला तरी चार पुरुषांत बोलत नाही.

हे समजायला कुराण पाठ असावं लागत नाही. मला ते पाठ आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुखवट्याचे तीन दिवस आज संपले. मंडप हायलने घातला. खुर्च्या त्याने आणल्या. जेवणाचा मेंढाही त्याच्याच घरून आला. लोक येत, आम्ही ओळीने उभे. मी पहिला, माझ्याशेजारी तो, कारण तो आईचा सख्खा पुतण्या. लोक माझा हात दोन्ही हातांनी धरत, त्याचा बोटांनी. एकाने तर माझ्यानंतर सरळ तिसऱ्याचा हात धरला. हायलने पुढे केलेला हात मागे घेतला आणि छातीवर ठेवला, जणू तसंच करायचं होतं.

शेवटच्या संध्याकाळी मंडप भरलेला होता. हाजी सुवैलिम मध्ये बसले होते. मी ठरवून आलो होतो. दोन रात्री वाक्यं जुळवली होती. उठून उभा राहिलो. म्हणालो, "मंडळी, मला एक गोष्ट सांगायची आहे."

हायल त्या वेळी कॉफी ओतत फिरत होता. तो सरळ माझ्याकडे आला, लहान पेला भरला आणि माझ्या हातात दिला. लोकांकडे पाठ करून, ओठ न हलवल्यासारखा म्हणाला, "खाली बस, काकाच्या पोरा."

"सगळ्यांसमोर सांगू दे."

"काय सांगशील? काकू तुझ्यापासून लपून गाडीत बसत होती? मुलाच्या पेट्रोलच्या भीतीने? आठवडा नाही झाला तिला जाऊन. लोक तिचं नाव घेऊन आयुष्यभर हसतील."

"मग तुझं नाव?"

"माझ्या नावाचे पैसे मी हाजींसमोर मोजून दिलेत. पी, निवते आहे."

मी पेला हातात धरून उभा राहिलो. तो म्हणत होता ते खरं होतं. आईचं नाव निघालं असतं. पण मी आईसाठी गप्प झालो असं इथे लिहिलं, तर ते खोटं होईल. ती वाक्यं बोलावी लागणार नाहीत हे कळलं, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला बरं वाटलं.

कॉफी कडू होती, दुखवट्याला असते तशी. मी एका घोटात प्यायलो.

हाजींनी विचारलं, "अबू नायल, काही सांगत होतास?"

"काही नाही हाजी," मी म्हणालो. "सगळ्यांचे आभार मानत होतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हायल पुढच्या माणसाला ओतायला गेला. त्या माणसाने पेल्यावर हात ठेवला.